रुसायला जागा

“पण इथं रुसायचं कुठे?” धाकटीनं विचारलं तेव्हा विक्रेता आम्हाला कॅरॅव्हॅनमधल्या, म्हणजे मोटारीमागं ओढायच्या फिरत्या घरातल्या, सिंकवरचं झाकण दाखवत होता. झाकण उलटं केलं की भाजी चिरायचा पाट, पाट उचलला की सिंक, सिंकच्या खालून ओढलं की कचऱ्याची पेटी. पत्ते पिसणाऱ्या माणसाच्या हातांना असते तशी सवयीची लय त्याच्या हातांना होती. त्यानं टेबल खाली पाडून त्याचा पलंग केला, बाकाच्या पोटातून गाद्या काढल्या, आरशामागून कपाट काढलं. सात वर्षांची धाकटी मागच्या दुमजली बंकच्या वरच्या फळीवर पालथी पडली होती आणि गादीवरचं प्लास्टिक नखानं करकर वाजवत होती. सगळं पाहून झाल्यावर तिनं हा प्रश्न टाकला. विक्रेता हसला, नवरा हसला, अशा वेळी हसायचं असतं म्हणून मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत, कारण त्या टॉयलेटचं दार आतून लावून बसल्या होत्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बघत होते.”

घरी आल्यावर नवऱ्यानं माहितीपत्रकं पसरली आणि रकाने आखायला घेतले. लांबी, वजन, बिछाने, बॅटरी. मला मात्र तो प्रश्न सोडेना. घरात प्रत्येकाची रुसायची जागा ठरलेली असते, फक्त तिला तसं कुणी म्हणत नाही. धाकटी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसते. तिचे पाय बाहेर दिसतात, आणि ते दिसावेत अशीच तिची इच्छा असते. थोरला कानांवर हेडफोन चढवतो, त्याला दाराचीही गरज नाही. नवरा धुतलेली गाडी पुन्हा धुवायला काढतो. मी न्हाणीघरात नळ सोडून उभी राहते. सासूबाई रुसतच नाहीत असा आमचा सगळ्यांचा समज होता. कैकेयीला निदान आख्खं कोपभवन होतं. इथं आतून जेमतेम साडेपाच मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद अशा डब्यात पाच माणसं, त्यांच्या ओल्या चपला आणि त्यांचे स्वभाव मावायचे होते.

आमची पहिली चूक म्हणजे आम्ही बिछाने मोजले. कॅरॅव्हॅनला ‘सहा बर्थ’ म्हणतात तेव्हा तिथं सहा माणसं आडवी होऊ शकतात एवढाच त्याचा अर्थ. तीच सहा माणसं पावसाच्या दिवशी उठून बसली तर गुडघे कुठे ठेवतील, हे त्या आकड्यात येत नाही. दुसऱ्या ठिकाणी पाहायला गेलो तेव्हा मी विक्रेत्याला म्हटलं, तुम्ही जरा बाहेर थांबा. दार लावलं, पाचही जण आत बसलो आणि अर्धा तास कुणी उठायचं नाही असं ठरवलं. ती अर्ध्या तासाची परीक्षा मी कुणालाही सुचवेन. पाचव्या मिनिटाला कळलं की फ्रिज उघडला की टॉयलेटचं दार उघडत नाही. दहाव्या मिनिटाला थोरल्याचं डोकं वरच्या कपाटाच्या कडेला आपटलं. पंधराव्या मिनिटाला काचा धुरकटू लागल्या. विसाव्या मिनिटाला सासूबाई म्हणाल्या, “पायरी फार उंच आहे गं.” तेवढं एक वाक्य ऐकून आम्ही ती गाडी सोडून दिली.

मग हळूहळू शहाणपण येत गेलं. दिवसा टेबल आणि रात्री पलंग, ही करामत दुकानात फार मोहक दिसते. पण टेबलाचा पलंग ज्याच्या वाट्याला येतो, त्याला झोप आली की घरातला दिवस संपतो. सासूबाई नऊला झोपतात, थोरल्याचा दिवस नऊला सुरू होतो. त्यामुळे झोपेच्या वेळा मांडल्याशिवाय नकाशा ठरवायचा नाही, हे मी नवऱ्याच्या रकान्यांत घालून घेतलं. शेवटी जी पसंत केली तिच्यात मागं बंक आणि त्यांना लागूनच टॉयलेट आहे. खालचा बंक सासूबाईंचा, रात्री उठलं तर दोन पावलं. वरच्या फळीला किती किलो झेपतात ते लिहिलेलं असतं, ते वाचून ती थोरल्याला दिली. त्याची वाढ पाहता अजून दोन वर्षं तरी भागेल. मधल्या छोट्या टेबलाचा पलंग धाकटीचा, आणि पुढचे लांब बाक जोडून आम्हा दोघांचा. कागदावर सगळं बसलं. रुसायची जागा मात्र या नकाशातही नव्हती.

आम्ही वापरलेलीच घेतली. नव्या गाडीला प्लास्टिकचा आणि गोंदाचा वास येतो, तो चालतो. जुनीत शिरताना मात्र नाकावर विश्वास ठेवावा. दार बराच वेळ बंद असलेली गाडी उघडल्याबरोबर जुन्या ट्रंकेतल्या गोधडीसारखा वास आला, तर अत्तराच्या कितीही वड्या लटकवल्या असोत, कुठल्यातरी सांध्यातून पाणी मुरतंय. कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, छताच्या पट्ट्या अंगठ्यानं दाबून पाहायच्या. भिंत मऊ लागली की समजायचं. ओल मोजायचं यंत्रही मिळतं. पंधरा टक्क्यांच्या आत आकडा आला तर निर्धास्त, विसाच्या वर गेला तर दुसरी गाडी बघायला जायचं. टायरची गंमत तर मला अजिबात माहीत नव्हती. नक्षी कोरी दिसते, कारण गाडी वर्षातले अकरा महिने उभीच असते. पण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालातला बत्तिसावा आठवडा. आमच्या गाडीचे टायर दिसायला ठणठणीत होते आणि धाकटीपेक्षा वयानं मोठे. ते बदलले.

आणि मग वजन.

वजनाबद्दल कुणी आधी सांगत नाही. गाडीवर एक पट्टी असते, तिच्यावर गाडी जास्तीत जास्त किती भरायची तो आकडा. आमचा १४००. गाडी कारखान्यातून निघताना १२४०. मधले १६० किलो म्हणजे आमचा संसार. आधी वाटलं, चिक्कार आहेत. मग बॅटरीचे पंचवीसेक गेले. वाकड्या जागेत गाडी रिमोटनं सरकवणाऱ्या मोटरचे तीस. गॅसचे सिलिंडर, पाण्याचं पिंप, वायरचं भेंडोळं, चाकांखालच्या पाचरी, खुर्च्या. पाणी भरून न्यावं हा माझा विचार होता. नवऱ्यानं शांतपणे सांगितलं की एक लिटर म्हणजे एक किलो, चाळीस लिटरचं पिंप म्हणजे आपली धाकटी आणि वर थोडं. मुक्कामावर पोचून भरायचं. ते पिंप असं केलंय की दांडा अडकवून रोड रोलरसारखं लोळवत आणता येतं, आणि ते कुणी लोळवायचं यावरून आमच्याकडे झालेली भांडणं मोजली तर तीही काही किलो भरतील.

शिवाय जी मोटार ओढणार तिचंही गणित. नवशिक्यानं भरलेली कॅरॅव्हॅन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावी असं जुनेजाणते सांगतात. १४०० किलो ओढायचे तर मोटार साडेसोळाशेच्या आसपास हवी. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणी बसायचं नाही, म्हणून पाचही जण मोटारीत, पाचही सीटच्या पट्ट्यांत. मोटार आणि कॅरॅव्हॅन जोडणारा सांधा म्हणजे हिच. त्याच्या गोळ्यावर कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाचा जो दाब पडतो त्याला नोजवेट म्हणतात. तो भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के ठेवायचा, पण मोटारीच्या आणि हिचच्या मर्यादेत. आमच्या हिशेबानं सत्तर ते अठ्ठ्याण्णव किलो. फार कमी झाला, म्हणजे जड सामान मागं गेलं, की गाडी वेगात शेपूट हलवायला लागते. तसं झालं तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही. पाय उचलायचा, चाक सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. हे मी पाठ केलंय आणि देवानं त्याची परीक्षा घेऊ नये. नोजवेट मोजायला खास साधन मिळतं, पण आम्ही घरातलाच वजनकाटा वापरला. हिचखाली लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याखाली काटा. एरवी ज्या काट्यावर चढायला कुणी तयार नसतं, त्याच्यावर वाकून पाच जणांनी एकदम आकडा वाचला. साठ! मग जड वस्तू मागच्या बंकखालून काढून आसाजवळ, जमिनीलगत आणल्या. वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि बिस्किटांचे पुडे. पुन्हा मोजलं, पंचाऐंशी. त्या संध्याकाळी नवरा जितका खूश होता तितका मी त्याला फार क्वचित पाहिलंय.

या वजनाच्या काळात मी इतिहास वाचत बसायचे. यादीतून खोडाखोड करून कंटाळा आला की. हौसेसाठी म्हणून बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन १८८५ सालची मानतात. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून ती करून घेतली, नाव ‘वाँडरर’. दोन घोडे ओढायचे आणि सामानासकट ती जवळपास दोन टन भरायची. पुढं रस्ता बघायला त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून जायचा. सोबत एक कुत्रा आणि एक काकाकुवा. दोन टन वाचून मी माहितीपत्रक मिटलं. घोड्यांना कुणी पट्टीवरचा आकडा दाखवला नव्हता. मला जास्त जवळची वाटली ती दुसरी गोष्ट. जर्मनीत इस्नी नावाच्या गावात आरिस्ट डेथलेफ्स हा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवणाऱ्या घराण्यातला माणूस. मालाच्या विक्रीसाठी तो आठवडेच्या आठवडे बाहेर. त्याची फ्रिडेल चित्रकार. तिला सोबत जायचं होतं आणि चित्रंही काढायची होती. १९३१ साली त्यानं मोटारीमागं ओढायची एक खोली बांधली आणि तिला ‘राहती मोटार’ असं साधं नाव दिलं. म्हणजे त्या देशातली पहिली कॅरॅव्हॅन विरहावरचा तोडगा म्हणून जन्माला आली. मला प्रश्न पडला, दोघं त्या खोलीत कायम एकत्र राहायला लागल्यावर पहिलं भांडण किती दिवसांनी झालं असेल? आणि ती कॅनव्हास घेऊन बाहेर जाऊन बसली असेल तेव्हा दर वेळी चित्रच काढत असेल का?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो, पण विंचवीण पाठीवर फक्त पिल्लं वाहते. ती ॲक्सेसरीच्या दुकानात कधी गेलेली नाही. आम्ही गेलो. तिथं घडी होणारी बादली, घडी होणारी किटली, घडी होणारं भांडी निथळायचं ताट, आणि घडी होणारं असं बरंच, ज्याची घडी का व्हावी ते कळत नाही. सगळं छोटं आणि गोंडस. मुलींच्या भातुकलीचा मोठ्या माणसांनी मांडलेला बाजार. मी तिथं हरवून जाते हे कबूल करते. चुंबकानं भिंतीला चिकटणाऱ्या मसाल्याच्या डब्या मी तीन वेळा टोपलीत टाकल्या आणि नवऱ्यानं तीन वेळा काढल्या. खरं लागतं ते गोंडस नसतं. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटी. मोटारीला लावायचे रुंद आरसे, कारण मागची गाडी मोटारीपेक्षा रुंद असते. हिचचं कुलूप. गाडीचं शेपूट हलणं आवरणारी, मांडीएवढी स्टॅबिलायझरची दांडी. थंडीत जायचं तर ब्यूटेनऐवजी प्रोपेनचा सिलिंडर, कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं सोडून देतो आणि सिलिंडर भरलेला असूनही शेगडी मंद होत जाते. प्रोपेन उणे ४२ पर्यंत ऐकतो. कॅरॅव्हॅनच्या तळाला ठेवलेली भोकं बुजवू नयेत, हेही तिथल्या एका म्हाताऱ्या कामगारानं सांगितलं. गार वारा येतो म्हणून लोक त्यात चिंध्या कोंबतात. पण हा गॅस हवेहून जड असतो, गळला तर खालूनच निघून जायला हवा.

एका वस्तूवर मात्र मी अडून बसले. ऑनिंग. कॅरॅव्हॅनच्या दाराबाजूच्या पन्हळीत सरकवून, काठ्यांवर ताणून उभी करायची कापडी खोली. तिचं माप घ्यायची पद्धत मला फार आवडली: मागं जमिनीपासून सुरुवात करायची, पन्हळीबरोबर वर, छताच्या कडेनं पुढं, आणि पुन्हा जमिनीपर्यंत. जणू शिंपी गाडीच्या अंगाला गळ्यावरून फीत लावतोय. नवरा म्हणाला, वीस-पंचवीस किलो आहे, काठ्या वेगळ्या. मी म्हटलं, ही ओसरी आहे. चपला ओसरीवर, ओले टॉवेल ओसरीवर, आणि ज्याला आत बसवत नाही तोही ओसरीवर. आतली मंडळी दिसतात, पण त्यांच्यात असावं लागत नाही. मी हे बोलताना धाकटीचं नाव घेत होते. नवऱ्यानं माझ्याकडे बघून दोन खुर्च्या यादीतून खोडल्या आणि ऑनिंग लिहिलं.

पहिल्या मुक्कामावर पोचलो तेव्हा पाऊस होता. जागा गवताची, किंचित उताराची. कॅरॅव्हॅन आधी आडवी सपाट करायची असते: खालच्या बाजूच्या चाकापुढं पाचर ठेवायची आणि मोटारीनं बोटभर बोटभर वर चढवायची. मग हिच सोडून पुढच्या छोट्या चाकावर उभी सपाट. शेवटी चार कोपऱ्यांचे पाय उतरवायचे, आणि त्या पायांनी गाडी उचलायची नाही, ते फक्त डगडग थांबवायला. स्टीअरिंगवर मी होते. नवरा आत, पाणसळीच्या बुडबुड्यावर डोळा ठेवून. “अजून थोडं. थोडं. अगं थोडं म्हणालो!” बुडबुडा इकडून तिकडे पळाला. पुन्हा मागं. पुन्हा पुढं. एवढा सोस कशाला, हे मला तेव्हा माहीत होतं म्हणून जास्तच राग येत होता. फ्रिजसाठी. स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, १९२२ साली असा फ्रिज शोधला ज्यात एकही हलणारा भाग नाही: बुडाशी ज्योत लावायची आणि वर थंडावा मिळवायचा. अमोनिया आणि पाणी आपल्याच वजनानं नळ्यांतून वाहत राहतात. म्हणून तो रात्री जरासुद्धा आवाज करत नाही, आणि म्हणूनच गाडी कलली की त्याचं काम मंदावतं. आता नवे कॉम्प्रेसरवाले फ्रिज हे नखरे करत नाहीत. आमचा जुना आहे. आमच्या घरात आणखी एकाला सगळं काटेकोर सपाट लागतं.

बुडबुडा मधोमध आला तेव्हा सगळे भिजलेले होते. मी ऑनिंगची पिशवी ओढली. कापड होतं, खुंट्या होत्या, हातोडी होती. काठ्या नव्हत्या.

काठ्यांची लांब पिशवी वेगळी होती, ती घरी दाराआड उभी राहिली. “यादीवर तू खूण केली होतीस,” नवरा म्हणाला. केली होती. ‘ऑनिंग’ असं एका ओळीत लिहिलं होतं आणि मी एकच खूण केली होती. काठ्यांविना वीस किलोची ओसरी म्हणजे नुसतं बासन. आत पाच ओली माणसं, काचांवरून ओघळणारं पाणी, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. थोरला वरच्या फळीवर हेडफोन लावून पसार. धाकटी टेबलाखाली. नवरा बुडबुड्याकडे बघत, तो अजून मधोमध आहे याची खात्री करत. मी एक शब्द बोलले, तो एक बोलला, मग मी जरा जास्त बोलले. न्हाणीघराकडे वळले तर दारात कोरडे कपडे लटकवलेले. मी छत्री न घेताच बाहेर पडले आणि पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या मोटारीकडे चालत गेले. अख्ख्या मुक्कामात तेवढं एकच दार होतं ज्याच्याआड कुणी नव्हतं.

मागचं दार उघडलं. सासूबाई बसल्या होत्या. शाल पांघरलेली, खिडकीची काच बोटभर खाली, पाय वर घेतलेले. केव्हा आल्या होत्या कोण जाणे. त्या गेल्याचं आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

“मागची सीट माझी आहे,” त्या म्हणाल्या. “तू पुढं बस. आणि बोलू नकोस.”

मी पुढं बसले. छतावर पाऊस जोरात वाजत होता. आरशात त्या मला दिसत होत्या, पण त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांच्या खिडकीतून दिसणाऱ्या पिवळ्या उजेडाच्या डब्याकडे पाहत होत्या, ज्याच्यात त्यांचा मुलगा ओणवा होऊन काहीतरी शोधत होता. मला विचारावंसं वाटलं की त्या कुणावर रुसल्यात, त्याच्यावर की माझ्यावर, आणि घरी अशा वेळी त्या कुठे जातात. पण बोलायचं नव्हतं. दहाएक मिनिटं गेली असतील. काचा आतून धुरकटल्या.

मग दार खाडकन उघडलं. रेनकोटच्या टोपीतून धाकटीनं आत डोकं घातलं. आधी मला पाहिलं, मग आजीला.

“भरलंय,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि दार लावून घेतलं.